टाकीत काय गेलं

गाडी बंद पडली तेव्हा धाकटीला आधी वाटलं, आपल्या कानालाच काहीतरी झालं. चढावर इंजिनाची घरघर चालू होती आणि मधेच कुणीतरी कात्रीने कापावी तशी ती तुटली. तिच्या जागी मागच्या पत्र्यापलीकडून हजारो पिल्लांचा चिवचिवाट उसळला. एरवी तो आवाज इंजिनाखाली दबलेला असायचा. आज तो लख्ख ऐकू आला. इंजिन थांबलं म्हणजे पंखे थांबले, आणि पंखे थांबले म्हणजे पिल्लांची हवा थांबली.

धाकटी एका हॅचरीची पिल्लं पोचवायची. आदल्या दिवशी अंड्यातून बाहेर आलेली कोंबडीची पिल्लं जाळीदार खोक्यांत भरायची, खोक्यांच्या थप्प्या गाडीच्या बंद कप्प्यात लावायच्या आणि ऊन चढायच्या आत पोल्ट्रीवाल्यांकडे उतरवायच्या, हे तिचं काम. पिल्लू हातात घेतलं तर कापसासारखं, पण दाटीवाटीने बसली की त्यांच्याच अंगाची ऊब भट्टीसारखी साठत जाते. म्हणून आत थंड हवा खेळवणारं यंत्र होतं, आणि ते इंजिनाच्या जिवावर चालायचं. नवरा बोटीवर खलाशी, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. घरी ती आणि तिचे वडील, आप्पा. थोरली बहीण लग्न होऊन लांब गेली तरी आप्पांच्या तोंडी हिचं नाव धाकटीच राहिलं, आणि त्यांचं ऐकून हॅचरीच्या आवारातले सगळे ड्रायव्हरही तिला धाकटीच म्हणू लागले.

तिने किल्ली फिरवली. इंजिनाने अंग झटकलं, मागून पांढऱ्या धुराचा एक भपका सोडला आणि मान टाकली. पुन्हा फिरवली. या वेळी नुसताच स्टार्टर रडला. समोरच्या काचेखाली सगळे दिवे लागले होते, पण त्यातला एक आत्ताचा नव्हता. हॅचरीतून निघाल्यावर सपाट रस्त्यालाच तो लागला होता. डिझेलमध्ये पाणी आलंय असं सांगणारा, थेंबाचं चित्र असलेला पिवळा दिवा. तिने तो पाहिला होता. खिडकी खाली करून वास घेतला होता, काही वावगं वाटलं नव्हतं, आणि ती पुढे निघाली होती.

ही आप्पांची शिकवण. आप्पांनी उभं आयुष्य ट्रक चालवले आणि नव्या इंजिनांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. धाकटीच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी एक गाळणी होती. गाळणी भरली की गाडी आपली आपणच ती तापवून काजळी जाळून टाकायची. शिवाय धुरातलं विष मारायला युरियाचं पाणी लागायचं. त्याची वेगळी छोटी टाकी होती, निळ्या झाकणाची. ते पाणी संपत आलं की गाडी दम द्यायची की आता मी चालू होणार नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आप्पा हसून हसून खोकले होते.

"गाडी आहे का दवाखाना?" ते म्हणाले होते. "आमचं इंजिन आजारी पडलं की खोकायचं, शिंकायचं. शेजाऱ्यालासुद्धा कळायचं. हे तुझं बघावं तेव्हा चिठ्ठ्या पाठवतंय. दिवा लागला ना, तर आधी नाकाने बघ. वास नसेल तर दिवाच खोटारडा."

आणि हे सांगायचा त्यांना अधिकार होता. आप्पांचं नाक हॅचरीच्या आवारात प्रसिद्ध होतं. ट्रकच्या मागे उभं राहून, डोळे मिटून, एक श्वास आत ओढून ते सांगायचे की ऑइल जळतंय की डिझेल कच्चं येतंय की कूलंट गळतंय. मेकॅनिक गाडी खोलायचा आणि तेच निघायचं. निवृत्त झाल्यावरही कुणी ना कुणी गाडी त्यांच्या दारात आणून उभी करायचं आणि "आप्पा, जरा वास घ्या" म्हणायचं.

धाकटी उडी मारून खाली उतरली. मागची दारं उघडली तेव्हा ओल्या पिसांची गरम वाफ तिच्या तोंडावर आली. दाराजवळच्या खोक्यांत पिल्लांनी चोची उघडल्या होत्या, पंख अंगापासून लांब धरले होते. रस्त्यापलीकडे लाकडाची वखार होती. ती धावत आत शिरली. करवतीच्या कर्कश आवाजात तिला स्वतःचाच आवाज ऐकू येईना, तेव्हा कानामागे पेन्सिल खोचलेल्या मालकाचा दंडच धरून तिने त्याला बाहेर ओढलं.

"पिल्लं मरतायत. सावली द्या. पंखे द्या. काहीही द्या!"

माणूस दोन क्षण गाडीकडे बघत राहिला. मग मागे वळून असा ओरडला की करवती बंद पडल्या. पुढचा सगळा वेळ नुसती धावपळ होती. वखारीतली माणसं, रस्त्यावरून जाणारे दोन सायकलवाले, पलीकडे केस कापून घ्यायला बसलेला एक गृहस्थ गळ्यातल्या फडक्यासकट, सगळे खोकी वाहत होते. उभे पंखे लावले तर लाकडाचा भुसा उडून पिल्लांच्या चोचींत जाऊ लागला. मग मालकाने जमिनीवर पाणी मारायला लावलं. धाकटीने मधल्या मधे पोपटाला फोन केला.

पोपट हा त्याच हॅचरीचा दुसरा ड्रायव्हर. अखंड बोलायचा, म्हणून पोपट. धाकटीची नवी गाडी आली तेव्हा लांबचा मोठा रस्ता त्याच्याकडून तिच्याकडे गेला होता, आणि ते त्याने कधी मनातून काढलं नव्हतं. "ही दिव्यांची माळ एक दिवस तुला उन्हात उभी करणार बघ," असं तो जाता-येता म्हणायचा. पण फोन केल्यावर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. रिकामी गाडी घेऊन तो आला, तो गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडून खाली होता.

जगलेली पिल्लं त्याच्या गाडीत चढली. शेवटी धाकटीच्या कप्प्यातली अगदी आतली, यंत्राच्या बाजूची थप्पी काढायची राहिली. तिने वरचं खोकं उचललं आणि ते हलकं नव्हतं, जड नव्हतं, पण गप्प होतं. खालचंही गप्प. त्याच्या खालचंही. पिवळे गोळे एकमेकांवर रेलून पडलेले, जणू झोपलीत. धाकटी ते खोकं हातात धरून तशीच उभी राहिली. तिला ते खाली ठेवायचं सुचेना. पोपट शेजारी आला, त्याने आत बघितलं, आणि तो तिच्या हातातून खोकं घेऊन गेला.

गाडी दुसऱ्या गाडीला बांधून वर्कशॉपमध्ये नेली. तिथला फोरमन उंच, वाकलेला, सदा वैतागलेला माणूस होता. धाकटी आत शिरतानाच तणतणत होती.

"काय भिकारडं इंजिन आहे हे! चढावर, भर उन्हात, काही सूचना नाही, काही नाही—"

"दिवा लागला नव्हता?" फोरमनने विचारलं.

त्याने डिझेलचा फिल्टर सोडवला, त्याखालच्या भांड्यातलं एका काचेच्या बरणीत ओतलं आणि बरणी खिडकीत ठेवली. थोड्या वेळाने तिला हाक मारली. बरणीत दोन थर झाले होते. वर पिवळसर डिझेल तरंगत होतं आणि खाली बरणीचा मोठा भाग पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी बसलं होतं. फिल्टरच्या कडेला मिठासारखे पांढरे खडे चिकटले होते.

"पंपावाल्याने पाणी घातलं?" तिने विचारलं.

"पाण्याचे खडे होत नाहीत." फोरमनने बोटाच्या टोकावर एक खडा घेऊन तिच्यासमोर धरला. "युरिया आहे हा. तुझ्या निळ्या टाकीतलं औषध. ते तुझ्या डिझेलच्या टाकीत आहे."

"गळून गेलं असेल एकातून दुसऱ्यात."

"दोन टाक्यांमध्ये वाटच नाही. नळी वेगळी, पंप वेगळा, सगळं वेगळं." त्याने हात पुसले. "हे जड असतं. टाकीच्या तळाशी बसून राहिलं. सपाटीला थोडं थोडं आलं, ते फिल्टरने अडवलं आणि दिवा लावला. चढाला लागलीस तशी सगळं नळीच्या तोंडाशी गेलं. इंजिन बिचारं काय करणार? त्याला पाजलं ते प्यालं. आता टाकी, पंप, इंजेक्टर सगळं बाहेर काढावं लागणार."

"पण मग टाकीत गेलं कसं?"

"वरून," फोरमन म्हणाला. "झाकण उघडून, ओतून. हाताने."

आतापर्यंत ती यंत्रावर चिडत होती, आणि यंत्रावर चिडणं सोपं असतं. आता त्या बरणीच्या मागे एक हात उभा राहिला होता. कुणीतरी तिच्या गाडीजवळ आलं, झाकण उघडलं, ओतलं, झाकण लावलं आणि निघून गेलं. आणि ती सकाळी आनंदात किल्ली फिरवून निघाली.

कोण, हा प्रश्न तिला फार वेळ पडला नाही. आदल्या संध्याकाळी पोपट घरी आला होता. ती कपडे धूत होती, त्याने दिलेली हाक तिला पाण्याच्या आवाजात ऐकू आली होती आणि बाहेर येईपर्यंत तो गेला होता. पायरीवर तिचा जॅक ठेवलेला होता, त्याने मागे नेलेला. जॅक परत करायला तोच मुहूर्त सापडला का?

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅचरीच्या आवारात सगळ्या गाड्या लागल्या होत्या. ड्रायव्हर, खोकी भरणाऱ्या बायका, मॅनेजर मॅडम, सगळे होते. पोपट गाडीच्या काचा पुसत कुणाला तरी कालची हकिगत रंगवून सांगत होता. धाकटी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्या टाकीत युरिया तू ओतलास."

पोपटाचं फडकं काचेवरच थांबलं. "काय?"

"रस्ता गेला म्हणून पोटात दुखत होतं ना तुझ्या? मला उन्हात उभं करायचं होतं ना? मग मला करायचंस. त्या मुक्या जिवांनी काय घोडं मारलं होतं तुझं?"

पोपटाचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काहीच बाहेर आलं नाही, हे त्या आवाराने पहिल्यांदाच पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"मी?" तो म्हणाला. "अगं, मी काल... माझ्या हातांनी ती खोकी..." त्याला पुढे बोलता येईना. मग त्याने फडकं बादलीत फेकलं. "तुझ्या घरासमोर दातांचा दवाखाना आहे. त्याच्या दारावर कॅमेरा आहे. जा, बघ. आणि बघून झालं की इथेच ये. याच सगळ्यांसमोर ये."

ती तावातावाने तशीच निघाली. दातांच्या दवाखान्यात बाहेर बसणारी मुलगी ओळखीची होती. दोन पेशंट गाल धरून बसले होते. मुलीने स्क्रीन धाकटीकडे वळवला आणि परवाची संध्याकाळ शोधून लावली.

चित्राला आवाज नव्हता. रस्ता, तिची गाडी, तिच्या घराची पायरी. पोपट आला. हाक मारतोय असं दिसलं. थोडा थांबला. जॅक पायरीवर ठेवला, खिशातला रुमाल काढून घाम पुसला आणि आला तसा निघून गेला. गाडीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

धाकटीचे कान तापले. सकाळचं आपलंच बोलणं तिला शब्द न शब्द ऐकू येऊ लागलं. "बंद कर," ती म्हणाली.

"थांबा ना, अजून कुणीतरी येतंय," मुलगी म्हणाली.

घराच्या बाजूच्या बोळातून आप्पा आले. काखेत नरसाळं, दोन्ही हातांत दोन पांढरे कॅन. अगदी एकसारखे. युरियाचे कॅन रिकामे झाले की आप्पा ते टाकून देत नसत. त्यातल्या एकात ते डिझेल भरून ठेवायचे. फेरीच्या आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरलेली असलीच पाहिजे, ही त्यांची जुनी खोड. कॅन सारखे असले तर काय झालं, त्यांचं नाक होतं ना.

त्यांनी कॅन जमिनीवर ठेवले. एकाचं झाकण काढलं, वाकून वास घेतला. दुसऱ्याचं काढलं, वास घेतला. मग परत पहिल्याचा. परत दुसऱ्याचा. धाकटी स्क्रीनच्या जवळ सरकली. आप्पांना दुसऱ्यांदा वास घेताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी दोन्ही कॅन हातात उचलून जोखून पाहिले, भाजीवाल्याच्या तराजूसारखे वर-खाली केले. मग मान वळवून घराच्या दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. बराच वेळ ते दाराकडेच पाहत होते. मग त्यांनी डिझेलच्या टाकीत नरसाळं घातलं आणि हातातला जड कॅन तिरका केला.

ओतून झाल्यावर त्यांनी झाकण घट्ट लावलं, खांद्यावरच्या फडक्याने ते पुसलं आणि गाडीच्या चाकावरच्या पत्र्यावर दोनदा थोपटलं.

"किती निगुतीने करतात हो आजोबा," मुलगी म्हणाली.

धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गाल धरून बसलेल्या एका बाईने विचारलं, "फार दुखतंय का तुम्हाला?"

रस्ता ओलांडताना मात्र तिच्या डोक्यात संतापाचा नुसता डोंब उसळला. काल ती घरी येऊन रडली होती तेव्हा आप्पाच म्हणाले होते, "तरी सांगत होतो, ही नवी इंजिनं दगा देतात." समोर बसून म्हणाले होते! त्यांच्या एका हट्टापायी खोकीच्या खोकी थंड पडली, एका निरपराध माणसाला तिने चारचौघांत खुनी ठरवलं. आज त्यांचं वय बघायचं नाही, नातं बघायचं नाही, एकदाचं सगळं सुनवायचं, असं ठरवून तिने दार ढकललं.

दारातच तिचा श्वास अडकला. करपलेल्या दुधाचा उग्र, कडवट वास घरभर भरला होता. डोळ्यांत पाणी आणणारा. ती स्वयंपाकघराकडे धावली. गॅसवरचं पातेलं तळापासून काळं होऊन तडतडत होतं, छताखाली निळसर धूर तरंगत होता. आणि शेगडीकडे पाठ करून, हाताच्या अंतरावर, आप्पा टेबलाशी निवांत पेपर वाचत बसले होते. शांतपणे त्यांनी पान उलटलं.

तिने गॅस बंद केला, पातेलं मोरीत टाकलं. त्याच्या चर्र आवाजाने आप्पा दचकले आणि वळले.

"काय गं? एवढी कसली घाई?"

आप्पांची नजर पातेल्याकडे गेली, मग छताकडे, मग तिच्याकडे. आणि मग त्यांनी जे केलं त्याने तिच्या सगळ्या संतापाचं पाणी झालं. त्यांनी मान वर करून, नाकपुड्या फुगवून, जाणकारासारखा एक लांब श्वास आत ओढला आणि म्हणाले, "हं. जरा लागलंय वाटतं."

"आप्पा," ती म्हणाली. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"वास येत नाही तुम्हाला. कधीपासून?"

आप्पांनी पेपरची घडी घातली. घडी वाकडी झाली म्हणून उलगडली आणि पुन्हा घातली. त्यांचा चेहरा असा उघडा पडलेला तिने कधी पाहिला नव्हता. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "एकदम थोडाच जातो? आधी साबणाचा येईनासा झाला. मला वाटलं, हल्ली साबणातच दम नाही. मग सर्दी असेल म्हटलं. मग एक दिवस एकाने ट्रक आणला, मी मागे उभा राहिलो, आणि काहीच नाही. कोऱ्या भिंतीसमोर उभं राहिल्यासारखं."

"मग सांगितलंत काय त्याला?"

"इंजिनाच्या आवाजावरून अंदाजाने ठोकून दिलं. बरोबर निघालं." ते किंचित हसले आणि ते हसू लगेच विझलं. "तेव्हापासून ठोकूनच देतोय."

"पण टाकी भरताना तरी, आप्पा! बोटाला लावून बघायचं. डिझेल तेलकट लागतं. मला हाक मारायची. मी घरातच होते!"

"हाक मारणारच होतो." ते टेबलाकडे पाहत होते. "पण काय म्हणणार होतो? धाकटे, जरा बाहेर ये आणि यातलं डिझेल कुठलं ते मला सांग? मी? बोट बुडवून बघितलं असतं तर स्वतःशीच कबूल केल्यासारखं झालं असतं. जड लागला तो कॅन डिझेलचा, असं मीच मला पटवलं." थोडं थांबून ते म्हणाले, "काल तू रडत आलीस ना, तेव्हाच माझ्या काळजात चर्र झालं होतं. पण तोंडातून इंजिनाला शिव्याच बाहेर पडल्या. ती पिल्लं... किती गं?"

तिने आकडा सांगितला नाही. ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि दोघं धुरात तशीच बसून राहिली, खिडकी उघडायचंही कुणाला सुचलं नाही.

त्याच दुपारी नेहमीच्या डॉक्टरांनी नाक तपासून दुसऱ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. धाकटीला ती वाचून पुन्हा धक्का बसला, कारण ती नाकाच्या डॉक्टरांसाठी नव्हती, मेंदूच्या डॉक्टरांसाठी होती. त्या डॉक्टर बाई तरुण होत्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आप्पांना बोटं एकमेकांवर भराभर आपटायला सांगितली, मनगट धरून कोपर हलवून पाहिलं, मग लांब व्हरांड्यात चालून दाखवायला सांगितलं.

"यांच्या उजव्या हाताकडे बघा," त्या धाकटीला म्हणाल्या.

आप्पा चालत होते. डावा हात नेहमीसारखा पुढे-मागे झुलत होता. उजवा मात्र अंगाला बांधल्यासारखा लटकत होता. रोज एका घरात राहून, रोज त्यांना अंगणात फेऱ्या मारताना बघून धाकटीला हे कधी दिसलं नव्हतं.

"कंपवाताची सुरुवात वाटते," डॉक्टर म्हणाल्या.

"पण त्यांचा हात कुठे थरथरतोय?" धाकटी जवळजवळ भांडलीच.

"सगळ्यांचा थरथरत नाही. सुरुवातीला तर नाहीच. नुसता वास गेला म्हणजे हा आजार, असं मुळीच नाही, सर्दीनेही जातो. पण पुष्कळ जणांत तो आधी जातो, बाकीचं मागून येतं. औषधं चांगली आहेत. वेळेवर आलात."

वेळेवर हा शब्द ऐकून धाकटीला हसावं की रडावं ते कळेना. आप्पांनी शर्टाची बटणं लावायला घेतली. एक बटण काजात जाईना. ती पुढे झाली तसा त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि हळूहळू ते लावलंच.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "आधी हॅचरीत चल."

"आज नको, आप्पा. मी जाऊन येईन. चूक माझी आहे, मी बोलले त्याला."

"तू बोललीस ते तुझं. ओतलं ते माझं. चल."

आवारात ऊन उतरल्यावरच्या फेरीची भरणी चालू होती. धाकटीला बघून सगळ्यांचे हात मंद झाले. पोपट गाडीत पाय लोंबकळवत बसला होता. तो खाली उतरला नाही. धाकटीने बोलायला तोंड उघडलं, पण आप्पा तिच्या पुढे गेले आणि ज्या जागी उभे राहून ते वर्षानुवर्षं लोकांच्या गाड्यांचे वास घ्यायचे, तिथेच मधोमध उभे राहिले.

"युरिया मी ओतला," ते म्हणाले. "हिच्या टाकीत. डिझेल समजून."

कुणाला वाटलं म्हातारा मुलीला वाचवतोय. एक जण म्हणालाही, "काहीतरीच काय, आप्पा! तुम्हाला कळणार नाही होय?"

"नाही कळत," आप्पा म्हणाले. "मला वासच येत नाही. बरेच दिवस झाले. तुमच्यातल्या कुणाकुणाला मी उगाचच काहीबाही सांगितलं, ज्यांनी गाड्या आणल्या होत्या त्यांनी एकदा मेकॅनिककडून बघून घ्या."

आवारात खोक्यांतल्या पिल्लांचाच काय तो आवाज उरला. एका वयस्क ड्रायव्हरने टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला, काय करावं हे न कळून. खोकी भरणाऱ्या बाईने तोंडावर हात ठेवला. मॅनेजर मॅडम दारातून बाहेर आल्या आणि तिथेच थांबल्या. आप्पा सगळ्यांच्या मधोमध, एक हात अंगाशी लटकलेला, कुणाच्याच डोळ्याला डोळा न भिडवता उभे होते. मग त्यांनी पोपटाकडे पाहिलं.

"माझ्यामुळे तुझ्यावर नको ते बालंट आलं, बाबा."

पोपट गाडीतून उतरला. ऑफिसातून एक खुर्ची आणून त्याने आप्पांच्या मागे ठेवली आणि त्यांना दंडाला धरून बसवलं. "बसा," एवढंच म्हणाला. मग धाकटीकडे वळला.

"मी चुकले," धाकटी म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तू धावत आलास आणि मी तुझ्यावरच..."

"आप्पांचं मी विसरलो," पोपट म्हणाला. "ते आजारी आहेत. तू आजारी नव्हतीस. तुझं विसरायला मला वेळ लागेल."

तिने मान हलवली.

मॅडमनी तिचं काम काढून घेतलं नाही, पण तिची गाडी वर्कशॉपमध्ये खोलून पडली होती. टाकी धुवायला गेली होती, नवा पंप यायचा होता. तोवर लांबची फेरी पोपटाच्या गाडीतूनच जाणार होती, आणि पोपटानंतर त्या रस्त्याला जोडल्या गेलेल्या नव्या पोल्ट्रीवाल्यांची घरं फक्त धाकटीला ठाऊक होती. तिने आप्पांना मॅडमच्या स्वाधीन केलं आणि ती पोपटाच्या शेजारी चढून बसली. मागे दारं लागली. पोपटाने किल्ली फिरवली, थांबला, काचेखालचे दिवे एकेक करून विझेपर्यंत पाहत राहिला आणि मगच गाडी काढली.

वखारीपाशी मालकाने हात वर केला, पोपटाने हॉर्न वाजवला.

"पुढे डावीकडे का उजवीकडे?" त्याने विचारलं.

"डावीकडे," ती म्हणाली.